गोळीनंतर मागे राहिलेले

आश्विन पौर्णिमा उलटली की आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात दिवाळीची चाहूल लागते. गोंडांच्या गुड्यांमधून मोरपिसांचे मुकुट बाहेर निघतात, ढोल तापवले जातात आणि दंडारीचे ताफे या गावाहून त्या गावाला निघतात. भीमपुरात आम्हां मराठी घरांतूनही त्यांची वाट पाहिली जाते. परंतु या आनंदाच्या अगोदर, त्याच पौर्णिमेला, हजारो आदिवासी जोडेघाटच्या डोंगरात जमतात ते एका मृताचे स्मरण करायला. निजामाच्या पोलिसांच्या गोळीने कुमराम भीम जिथे पडला ती ही जागा. पुस्तके त्याच्या मृत्यूची तारीख कधी १ सप्टेंबर १९४०, तर कधी ऑक्टोबर महिन्यातली देतात. आदिवासींनी हा वाद कधी घातला नाही. त्यांनी तिथी धरली आणि ती सोडली नाही.

ज्यांची माणसे गोळीला बळी पडतात ते लोक पुढे वर्षानुवर्षे अर्ज का करतात, मोर्चे का काढतात, एका दगडी खांबासाठी का झगडतात, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळतो आहे. गेलेले माणूस तर परत येत नाही. मग हा अट्टहास कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात आहे असे मला वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

जोडेघाटनंतर काय झाले?

भीमाची मागणी साधी होती. जल, जंगल आणि जमीन यांवर तिथे राहणाऱ्यांचा हक्क. राखीव जंगलाच्या सीमा आखल्या गेल्या तेव्हा कित्येक वाड्या रात्रीतून बेकायदा ठरल्या होत्या. भीम मारला गेला, बंड मोडले. पण इतका शांत समाज शस्त्र का उचलतो, हा प्रश्न सरकारला पडला. फ्युरर-हैमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ त्याच सुमारास हैदराबाद संस्थानात होता. त्याने मार्लवाईत मुक्काम ठोकून गोंडांचा अभ्यास केला आणि जमिनीची तक्रार खरी असल्याचे सरकारला स्पष्ट सांगितले. पुढे हजारो आदिवासी कुटुंबांना पट्टे मिळाले, आदिवासी क्षेत्रासाठी वेगळे नियम झाले. मार्लवाईला गोंड शिक्षक तयार करणारे केंद्र निघाले आणि गोंडी भाषेची पहिली वाचनपुस्तके छापली गेली ती देवनागरी लिपीत. आम्हां मराठी शिक्षकांना याचे विशेष अप्रूप वाटावे.

मात्र मिळालेले टिकले नाही. रस्ते झाले, कापसाला भाव आला आणि बाहेरून माणसे आली. सावकार आले, व्यापारी आले, शेतकरी आले. यांत तेलुगू मुलखातले होते तसे पैनगंगेपलीकडून आलेले आपले मराठीही होते, हे लपवण्यात अर्थ नाही. अनुसूचित क्षेत्रातील जमीन आदिवासीखेरीज इतर कोणाकडे जाऊ नये, असा कडक कायदा १९७० साली झाला. पण कागदावर एक आणि बांधावर एक, अशी स्थिती राहिली. उतारवयात हैमेनडॉर्फ पुन्हा येथे आला. आपण वसवलेल्या गोंडांच्या जमिनी गेलेल्या पाहून त्याला काय वाटले, ते त्याच्या १९८२ च्या ग्रंथात वाचावयास मिळते.

२० एप्रिल १९८१

या पार्श्वभूमीवर गिरिजन रयतू कुली संघम या संघटनेने इंद्रवेल्लीला सभा बोलावली. तो सोमवार होता, बाजाराचा दिवस. सभेवर बंदी आली. परंतु डोंगरातल्या गुड्यांपर्यंत ती खबर पोहोचणार कशी? लोक बाजाराला आले, सभेला आले. कित्येकांना या दोहोंतला फरकही ठाऊक नव्हता. ठिणगी कशी पडली याची दोन कथने आहेत. जमावाने हल्ला केला, असे पोलिसांचे म्हणणे. त्या दिवशी एक पोलीस शिपाईही प्राणास मुकला. आदिवासी सांगतात की पोलिसाने एका तरुणीशी गैरवर्तन केले आणि तिने प्रतिकार केला. त्यानंतर गोळीबार झाला. सरकारी आकडा तेरा मृतांचा. नागरी हक्कांचे काम करणारे आणि आदिवासी साठ म्हणतात, कोणी शंभरावर नेतात.

मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. आमच्याकडे एक गोंड सालगडी होता. तो आपल्या सोयऱ्यांकडे म्हणून तिकडे गेला होता, तो तिसऱ्या दिवशी परतला. वडिलांनी विचारले, “काय झालं रे?” तो म्हणाला, “काही नाही, मालक.” आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. त्याच्या सोयऱ्यांपैकी एक जण घरी आलाच नव्हता, हे आम्हांला पुढे पावसाळ्यात कळले. वडिलांनी मला बजावले, “बाहेर कुठं बोलू नकोस.” त्या घरातल्या माणसांनी तर कोणाकडे विचारणाही केली नाही. विचारायला जावे तर नक्षलवादी म्हणून धरतील, ही धास्ती. गोळीबारातल्या मृतांचा आकडा असा घटतो. प्रेत नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून माणूस मेलाच नाही!

स्तंभाची कहाणी

१९८३ साली इंद्रवेल्लीत हुतात्मा स्तंभ उभा राहिला. १९८६ मध्ये तो पाडला गेला. १९८७ मध्ये, आदिवासींच्या रेट्यामुळे, सरकारच्याच आदिवासी विकास यंत्रणेने तो पुन्हा बांधला. ज्या सरकारच्या गोळीने माणसे मेली त्याच सरकारच्या पैशाने त्यांचा स्तंभ, ही गोष्ट लहान नव्हे. पण स्तंभ उभा राहिला तरी वाट मोकळी झाली नाही. संयुक्त आंध्रच्या काळात कित्येक वर्षे २० एप्रिल आला की जमावबंदी लागे, नाक्यानाक्यावर पोलीस उभे राहत आणि फुले घेऊन निघालेल्यांना माघारी धाडले जाई. आमचा सालगडी दरवर्षी त्या दिवशी सुटी मागे, आणि दुपारीच परत येई. एकदा, मी नोकरीला लागल्यावर, त्याला म्हटले, “कशाला जातोस? अडवतातच ना.” तो म्हणाला, “मास्तर, तुमच्या घरी पितरं घालता ना? कोणी अडवलं तर घालायचं सोडाल?”

मी निरुत्तर झालो.

अखेर २ फेब्रुवारी २०२४ रोजी तेलंगणाचे मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांनी इंद्रवेल्लीत येऊन हुतात्म्यांना अभिवादन केले आणि स्मृतिवनाची पायाभरणी केली. मध्ये बेचाळीस वर्षे गेली होती. सालगडी तोवर वारला होता.

इतरत्र हेच

हे केवळ आमच्याकडेच घडले असे नाही. मुंबईत २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्यांवर फ्लोरा फाउंटनला गोळ्या झाडल्या गेल्या. राज्य तर मिळालेच, पण लोकांना त्या जागी स्मारकही हवे होते, आणि आज आपण तिला हुतात्मा चौक म्हणतो. उरण-पनवेल भागात जानेवारी १९८४ मध्ये प्रकल्पासाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालचा तो लढा त्यामुळे थांबला नाही. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व त्यातूनच पुढे आले. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांपैकी दहा जण राखीव पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. वस्तीतल्या लोकांनी साक्षी दिल्या, चौकशी आयोगापुढे उभे राहिले. सत्र न्यायालयाने तुकडीच्या अधिकाऱ्याला दोषी ठरवले ते २००९ मध्ये, तब्बल बारा वर्षांनी. आणि त्यावर अपील झाले ते निराळेच.

एक उदाहरण सातासमुद्रापलीकडचे. ते मुख्याध्यापक म्हणून माझ्या मनातून जात नाही. स्कॉटलंडमधील डनब्लेन या छोट्या गावी १३ मार्च १९९६ रोजी एका माणसाने परवान्याच्या पिस्तुलांनी प्राथमिक शाळेतील सोळा मुले आणि त्यांची शिक्षिका मारली. त्या मोसमात तिथे स्नोड्रॉप नावाचे पांढरे फूल उमलते. त्या नावाने गावकऱ्यांनी आणि त्यांच्या परिचितांनी सह्यांची मोहीम काढली. सात लाखांहून अधिक सह्या जमल्या आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये खाजगी पिस्तुलांवर कायद्याने बंदी आली. त्या आईबापांची मुले गेलीच होती. त्यांनी कायदा मागितला तो दुसऱ्यांच्या मुलांसाठी.

मग कशासाठी?

या साऱ्या घटना शेजारी शेजारी मांडल्या की चार गोष्टी दिसतात. पहिली मागणी मोजणीची. माझे माणूस मेले, याची नोंद करा. दुसरी मागणी नावाची. ते गुंड नव्हते, बाजाराला आले होते, हे लिहा. तिसरी मागणी शोक करण्याच्या मोकळिकीची. आणि चौथी, सर्वांत अवघड: ज्या कारणाने ते मेले ते कारण दूर करा. डनब्लेनला कारण पिस्तूल होते, म्हणून एका कायद्याने भागले. इंद्रवेल्लीत बंदूक नंतर आली, जमीन आधी गेली होती. तेव्हा आदिवासी २० एप्रिलला फुले वाहतात आणि त्याच दिवशी पट्ट्याची गोष्टही काढतात, याचे आश्चर्य वाटू नये. मदतीची रक्कम हातात पडली की लोक गप्प होतील, असे सरकारांना वाटत आले आहे. परंतु पैशाने यांतली एकही मागणी पुरी होत नाही.

शेवटी माझ्या स्वतःच्या हिशोबाचे सांगतो. काही वर्षांपूर्वी दहावीच्या वर्गात मी जालियनवाला बाग शिकवीत होतो. सरकारी आकडा ३७९, काँग्रेसच्या चौकशीत हजाराच्या घरात, असे फळ्यावर लिहिले आणि परकीय सत्ता आकडे कसे दडपते ते रंगवून सांगितले. मागच्या बाकावरचा एक गोंड मुलगा उठला. “सर, आमच्या इंद्रवेल्लीचे किती?” वर्ग शांत झाला. मला सरकारी आकडा ठाऊक होता आणि दुसराही ठाऊक होता. तरी मी म्हणालो, “ते परीक्षेला नाही.” मुलगा खाली बसला. अकराव्या वर्षी वडिलांनी मला जे बजावले होते, तेच मी चाळीस वर्षांनी वर्गापुढे बजावले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मी ३७९ च्या खाली १३ लिहिले, आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. तास तेवढ्यावरच गेला. मुले घरी जाऊन आज्या-आजोबांना विचारून आली. कोणी एक नाव आणले, कोणी दोन. ती नावे मी एका वहीत उतरवून ठेवली आहेत. पुरावा म्हणून ती वही कोणी मान्य करणार नाही, हे मी जाणतो. पण दरवर्षी नवा वर्ग येतो तेव्हा ती कपाटातून बाहेर निघते, आणि एखादे नाव वाढते.