नरडाण्यातून कोडिंग शिकायचंय? कोर्स घरी, परीक्षा सेंटरवर

नरडाण्यात बसून आयआयटीच्या प्राध्यापकांकडून पायथन शिकता येतं, तेही फुकट. 'स्वयम' पोर्टलवर एनपीटेलच्या कोर्सला नाव नोंदवा. दर आठवड्याला व्हिडिओ आणि असाइनमेंट येतात. पैसे लागतात ते फक्त सर्टिफिकेटच्या परीक्षेला. असाइनमेंटचं वजन 25 टक्के, परीक्षेचं 75. म्हणजे घरून सगळ्या असाइनमेंट दिल्या तरी परीक्षेशिवाय सर्टिफिकेट नाही, आणि ती सेंटरवर जाऊनच द्यावी लागते. म्हणून फी भरण्याआधी सेंटर कुठे मिळतंय ते बघा, येण्या-जाण्याचं भाडंही धरा.

इंग्रजी जड जातंय? आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'वर मराठी आवाजातले छोटे धडे आहेत. लॅपटॉप नसेल तर पायड्रॉइड 3 ॲपवर नेटशिवायही कोड चालतो. मोबाइलवर टाइप करायचा कंटाळा येतो खरा, पण सुरुवातीचे लूप, फंक्शन आरामात होतात.