रुग्ण-मार्गदर्शन : मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी

लक्षणे नसलेल्या व्यक्तीची मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगाची तपासणी शेवटपर्यंत पार पडावी, यासाठी प्रशिक्षित परिचारिकेने किंवा आरोग्यसेवकाने केलेला पाठपुरावा. ही पद्धत शल्यविशारद हॅरल्ड फ्रीमन यांनी १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम रुग्णालयात सुरू केली, ती स्तनकर्करोगासाठी. आतड्याच्या तपासणीत ती नंतर आली.

अमेरिकेत सर्वसाधारण जोखमीच्या व्यक्तींना २०२१ पासून ४५ व्या वर्षीच तपासणी सुरू करण्याची शिफारस आहे. विष्ठेचा नमुना घरीच घेता येतो. पण त्यात रक्त आढळले, तर कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतड्याची आतून तपासणी, करावी लागते. रुग्णांची खरी गळती इथे होते. आदल्या दिवशी पातळ आहार, मग जुलाबाचे औषध, बहुधा अर्धे संध्याकाळी आणि अर्धे पहाटे. गुंगी दिली जात असल्याने घरी न्यायला सोबतही हवी. आतडे नीट साफ झाले नाही, तर बारीक पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरील गाठी) नजरेतून सुटतात आणि सारा खटाटोप पुन्हा करावा लागतो. मार्गदर्शक ठरावीक टप्प्यांवर फोन करतो, औषधाच्या वेळा समजावतो, वाहनाची सोय पाहतो. रुग्णाचा संकोचही त्यालाच ऐकून घ्यावा लागतो, आणि हे काम माहितीपत्रकाच्या आवाक्यातले नव्हे.

न्यू हॅम्पशायर राज्यात परिचारिकांनी फोनवरून असे मार्गदर्शन केले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेनुसार मार्गदर्शन मिळालेल्यांपैकी ९६.२ टक्के जणांनी कोलोनोस्कोपी पूर्ण केली. न मिळालेल्यांत हे प्रमाण ६९.२ टक्के होते.