पोर्ट ऑफ स्पेनची आजी आणि आपली सेवउसळ

सेवउसळ मराठी की गुजराती हा वाद आपल्या बडोद्यात दर दिवाळीला कुठल्या ना कुठल्या घरी रंगतोच. यंदा आमच्याकडे रंगला. नातू ठसक्यात म्हणाला, "आजोबा, उसळ तो गुजराती शब्द छे ने!" सुनेने त्याला दटावलं, मी मात्र गप्प बसलो. मला एकदम पोर्ट ऑफ स्पेनमधलं एक रोटीचं दुकान आठवलं. ती हकीकत घरच्यांनी दहादा ऐकली आहे, आज तुम्हाला सांगतो.

१९९८ साली कंपनीच्या कामाने मी पाच महिने त्रिनिदादला होतो. अमोनियाचे कारखाने तिथे पॉइंट लिसासला आहेत, आणि बडोद्याच्या खतवाल्या इंजिनिअरला तेवढंच कारण पुरतं. शनिवार-रविवार मात्र राजधानीत, वुडब्रुक भागात एका खोलीवर काढायचो. खोलीत चहापुरती शेगडी. त्यामुळे बाहेर खाणं ही चैन नव्हती, गरज होती.

पोर्ट ऑफ स्पेन आपल्या पिढीला ठाऊक ते रेडिओवरून. १९५३ साली भारताचा संघ पहिल्यांदा वेस्ट इंडिजला गेला तेव्हा कप्तान आपल्या बडोद्याचे विजय हजारे होते, आणि पहिली कसोटी इथल्याच क्वीन्स पार्क ओव्हलवर झाली. १९७१ ला वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं तेही इथेच. गोव्याच्या सरदेसाईंचं शतक आणि गावसकरचं पदार्पण, दोन्ही त्याच सामन्यात. पहिल्याच रविवारी मी ते मैदान बघायला निघालो आणि वाटेत भूक लागली म्हणून एका गाडीपाशी थांबलो.

गाडीवर गर्दी होती. दोन मऊ, हळदीने पिवळ्या झालेल्या छोट्या तळलेल्या रोट्या, त्यावर रसदार छोले, चिंचेची चटणी, काकडी, आणि तिखट किती हा प्रश्न. मी बडोदेकर ऐटीत "भरपूर" म्हणालो आणि पुढची दहा मिनिटं डोळे पुसत उभा होतो. तिथल्या मिरचीशी आपल्या लवंगीने पैज लावू नये. या पदार्थाचं नाव डबल्स. रोटीला म्हणतात बरा. आपला वडा, हिंदीतला बडा, भोजपुरीतला बरा, शब्द एकच, वस्तू मात्र आता मैद्याची झाली. १९३० च्या दशकात प्रिन्सेस टाउन गावात इमामुल दीन आणि त्यांच्या पत्नी रसूलन यांनी हा धंदा सुरू केला. आधी एकाच बऱ्यावर छोले मिळत. गिऱ्हाइकं "डबल कर" म्हणायला लागली, तेच नाव पडलं. पाव-उसळीचा लांबचा भाऊच म्हणा ना.

हे छोले तिथे पोचले कसे? इंग्रजांनी १८३४ साली गुलामी रद्द केली, १८३८ पर्यंत आफ्रिकन माणसं पूर्ण मोकळी झाली आणि उसाच्या मळ्यांना स्वस्त मजूर हवे झाले. ३० मे १८४५ ला 'फतेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेच्या आसपास माणसं घेऊन याच बंदरात लागलं. पाच वर्षांचा करार. १९१७ पर्यंत १ लाख ४३ हजारांच्या वर माणसं अशी आली. बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली, थोडी मद्रासकडची. आपली मराठी माणसं गेली ती मॉरिशसला, इकडे नाही. पण मळ्यावर शिधा म्हणून तांदूळ, डाळ, हळद, मीठ मिळायचं, त्यातून जे शिजलं ते ओळखायला मराठी माणसाला दुभाषा लागत नाही.

सेंट जेम्स हा शहराचा पश्चिमेकडचा भाग जुनी हिंदी वस्ती. रस्त्यांची नावं दिल्ली, लखनौ, आग्रा, कलकत्ता. नायपॉलांचं घर नेपॉल स्ट्रीटवर. तिथेच एका बोळात मला माझं दुकान सापडलं. चार बाकं, मोठा तवा आणि मागे सत्तरीची बाई. तव्यावरचा पराठा ती दोन लाकडी पट्ट्यांनी झोडपून चिंध्या करायची. त्याचं नावच 'बस अप शट', म्हणजे फाटका शर्ट. त्या पट्टीला म्हणतात दाब्ला. डाळीला फोडणी दिली की 'चुंके' केलं. जिरं 'गीरा', हळद 'हर्दी', वांग्याचं भरीत 'बैगन चोका'. डालपुरी तर आपल्या पुरणपोळीची आळणी बहीण. वाटलेल्या डाळीचं सारण, गुळाऐवजी जिरं, आणि आकार ताटाएवढा. सहीना दिसली तेव्हा मी मोठ्याने "अळूवडी!" म्हणालो आणि सगळे बघायला लागले. अळूचं पान, डाळीचं पीठ, गुंडाळी, तळण. फक्त आपल्यासारखा गूळ-चिंचेचा हात नव्हता.

तेवढ्यात मागून एक मुलगा ओरडला, "आजी!"

मंडळी, माझ्या पोटात कसं झालं ते सांगता येत नाही. पाच आठवडे मराठीचा एक शब्द कानावर नव्हता. मी उठून काउंटरवर गेलो आणि वेड्यासारखं मराठीत विचारलं, "तुम्ही मराठी का?" बाई हसली, तिला काही कळलं नाही. तिथे बापाच्या आईला आजी आणि आईच्या आईला नानी म्हणतात, भोजपुरीची देणगी. माझी फजिती झाली खरी, पण पुढच्या सगळ्या रविवारी मी तिथेच जेवलो. आणि तिला आजीच म्हणायला लागलो, वयात फार अंतर नसताना.

आजीला हिंदी येत नव्हती. भजनं पाठ, अर्थ कळायचा नाही. बोलायची ती तिथली इंग्रजी, अर्धी मला समजायची. एकदा म्हणाली, शाळेत आम्ही रोटी बाकाखाली लपवून खायचो. बाकीची मुलं पाव आणायची, रोटीवाल्यांना 'कुली' म्हणायची. आता त्याच मुलांची मुलं दुपारी माझ्याकडे रांग लावतात. हे सांगताना तिला राग नव्हता, थोडी गंमतच वाटत होती. मला आपल्याकडच्या काही जणी आठवल्या, ज्या डब्यातली ज्वारीची भाकरी झाकून खायच्या. असो.

फक्त हिंदी अन्नच खाल्लं असं नाही. धक्क्याजवळ ब्रेकफास्ट शेड म्हणून जागा आहे. ऑड्री जेफर्स या बाईंनी १९२६ मध्ये गरीब शाळकरी मुलांना जेवण देण्यासाठी ती पद्धत सुरू केली. पुढे त्या जागी बायकांच्या खानावळी आल्या, प्रत्येकीचा गल्ला वेगळा. तिथे मी कालालू खाल्लं. अळूची पानं, भेंडी, नारळाचं दूध. आफ्रिकन घरांतला रविवारचा पदार्थ, आणि मला मात्र लग्नातलं अळूचं फदफदं आठवलं. खेकडाही असतो कधीकधी. आम्ही सीकेपी, आम्हाला तेही चाललं.

निघायच्या आदल्या रविवारी आजीने दुकान लवकर बंद केलं आणि आतून एक कागद आणला. तिच्या आजोबांच्या मूळ पासाची नक्कल, पुराभिलेखातून मिळवलेली. कलकत्त्याच्या इंग्रज कारकुनाने भरलेला फॉर्म. जहाजाचं नाव, वय, बापाचं नाव, जात, जिल्हा, ठाणं, गाव. जिल्हा मी लगेच सांगितला, गाजीपूर. गावावर अडलो. इंग्रजीत काहीतरी 'बीरपोर' असं होतं.

"तुम्ही इंडियातून आलात," ती म्हणाली, "तुम्ही ते खरं कसं म्हणतात ते सांगा. आम्ही घरात चुकीचं म्हणत असू."

मी म्हणालो, तिकडचे लोक बीरपूर म्हणतील, मी म्हणेन वीरपूर. आणि कारकुनाने एक अक्षर खाल्लं असेल तर भीरपूरही असेल. ती म्हणाली, म्हणजे कुठलं? मी कागद उजेडात धरला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मराठी माणसाने भोजपुरी गावाचा उच्चार ठरवून द्यावा हेही पटेना. तसं सांगितलं.

तिने कागद घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला. मग विचारलं, तुमच्या घरी कोण कोण? मी म्हटलं, बायको, दोन मुलं. मुलं तुमची भाषा बोलतात? मी म्हटलं, हो, बोलतात ना.

तेव्हा बोलत होती.

विमानतळावर नेण्यासाठी तिने चार डालपुऱ्या कागदात बांधून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. दोन मी लंडनच्या विमानतळावर खाल्ल्या, दोन घरी पोचल्या. बायकोने तव्यावर गरम केल्या, पहिला घास घेतला आणि म्हणाली, "अहो, यात गूळ घालायला विसरलेत का ते?"