ऋतुकालाचे गणित : दिवस मोजायचे कुठून?

१/९ गर्भधारणेस अनुकूल दिवस कोणते, हा प्रश्न जुना आहे. त्याचे बिनचूक उत्तर मात्र जेमतेम शंभर वर्षांचे. मधल्या काळात या गणिताची किंमत कोणी मोजली, त्याविषयी हा धागा.

२/९ सुश्रुतसंहिता गर्भासाठी चार गोष्टी सांगते : ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. गंगापूरच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. वाफसा आल्याविना पेरणी व्यर्थ, हे तो जाणतो. सुश्रुताच्या मते ऋतुकाल १२ रात्रींचा. पुढे कमळ मिटावे तशी योनी मिटते.

३/९ मनुस्मृती १६ रात्री सांगते. पहिल्या ४ निंद्य, शिवाय ११वी व १३वी वर्ज्य, उरल्या १०. त्यांतही सम रात्री पुत्र आणि विषम रात्री कन्या. या सम-विषमाला शरीरशास्त्रात कोणताही आधार नाही.

४/९ तरीही ही मोजणी सर्वस्वी चूक नव्हती. पाळीचे चक्र २८ दिवसांचे असेल, तर बीजांड साधारण १४व्या दिवशी सुटते आणि तो दिवस या मुदतीत बसतो. गंमत अशी की वर्ज्य ठरलेल्या ११व्या व १३व्या रात्री नेमक्या अनुकूल दिवसांत येतात.

५/९ एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वैद्यक याहून अधिक भरकटले. कुत्रीला माजावर असताना रक्तस्राव होतो, त्यावरून स्त्रीचेही बीजांड पाळीच्या सुमारास सुटते असे अनुमान निघाले. परिणामी महिन्याचा मध्य हा ‘निर्धोक’ काळ ठरला!

६/९ र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, तेव्हाही वैद्यकात हाच गोंधळ होता. १९२४ साली जपानमधील निगाता येथील डॉ. क्यूसाकु ओगिनो यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी बीजकोशांचे प्रत्यक्ष निरीक्षण करून निष्कर्ष मांडला : बीजांड *पुढच्या* पाळीपूर्वी १२ ते १६ दिवस सुटते. ऑस्ट्रियाचे हेरमान क्नाउस स्वतंत्रपणे जवळपास त्याच उत्तराशी पोहोचले.

७/९ म्हणजे मोजणी उलटी करावयाची. चक्र ३५ दिवसांचे असेल, तर बीजांड २१व्या दिवसाच्या आसपास सुटते. तोवर सुश्रुताच्या १२ आणि मनूच्या १६ रात्री संपून गेलेल्या असतात. अशी स्त्री निरोगी असूनही, शास्त्र काटेकोर पाळणाऱ्या घरात तिची कूस रिकामीच राहण्याचा संभव मोठा.

८/९ आणि तीच मनुस्मृती सांगते : वंध्या पत्नीवर आठव्या वर्षी, केवळ मुलीच होणारीवर अकराव्या वर्षी दुसरी करावी. सवत आणण्यास मुंबई प्रांतात १९४६ च्या कायद्याने बंदी आली. गंगापूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने तो कायदा इथे लागू नव्हता. देशभरातील हिंदूंना बंदी लागू झाली ती १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने.

९/९ १९९५ साली अमेरिकेतील २२१ स्त्रियांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले की अनुकूल दिवस सहाच : बीजांड सुटण्याचा दिवस आणि आधीचे पाच. कारण शुक्राणू पाच दिवसांपर्यंत तग धरतात, बीजांड जेमतेम एक दिवस. चक्र अनियमित असेल, तर कॅलेंडरवर विसंबता येत नाही. वर्षभरात (पस्तिशीनंतर सहा महिन्यांत) दिवस राहिले नाहीत, तर तपासणी दोघांचीही व्हावी. शतकानुशतके दिवस तिचे मोजले गेले आणि दोषही तिलाच लागला. बीजाची परीक्षा मात्र कोणी मागितली नाही.