खळगा की उंचवटा?

१८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने डोळ्याच्या आत पाहण्याचे यंत्र प्रसिद्ध केले, आणि जिवंत माणसाच्या दृष्टितंतूचे मुख वैद्यांना दिसू लागले. काचबिंदूच्या रोग्यात ते कसे दिसले? व्हिएन्नाचा येगर आणि बर्लिनचा फॉन ग्रेफ या दोघांनीही १८५४ मध्ये लिहिले की, ते सुजून वर आले आहे.

वस्तुतः तेथे खळगा होता! यंत्रातून एकाच डोळ्याने पाहावे लागे. खोल काय नि उंच काय, हे छायेवरून ताडायचे. ग्रेफने वर्षभरातच आपले मत बदलले आणि १८५६ मध्ये हाइन्रिख म्यूलरने मृत डोळ्याचा छेद घेऊन खळगा सिद्ध केला. छापलेले विधान वर्षात मागे घेणारी माणसे आमच्या कामगार चळवळीतही फार भेटत नाहीत!

१८५७ मध्ये त्याच ग्रेफने बाहुलीभोवतीच्या पडद्याचा तुकडा कापून काचबिंदूच्या तीव्र झटक्यातील दाब उतरविला. १८७६-७७ च्या सुमारास थेंबांची औषधे आली.

आता दाब उतरल्यावर त्या खळग्याचे काय होते? दृष्टितंतूतील सुमारे १० ते १२ लाख धागे डोळ्याच्या मागील एका चाळणीतून बाहेर पडतात. दाबाने चाळणी मागे रेटली जाते, धागे आवळले जातात आणि मरतात. दाब पुष्कळ उतरला, तर चाळणी थोडी पुढे येते आणि खळगा लहान दिसतो. तान्ह्या मुलांत तर हे चांगलेच नजरेत भरते. मोठ्या माणसाची गेलेली नजर मात्र त्यामुळे सहसा परतत नाही. मागावरचा ताण सैल केला म्हणून तुटलेले ताणे सांधले जात नाहीत, उरलेले वाचतात.

हे उरलेले वाचणे रोग्याला दिसत नाही, तेथेच घोटाळा होतो. नेहमीच्या काचबिंदूत दुखत नाही, समोरचे वाचता येते, फक्त कडेचे दिसेनासे होते. थेंबांनी नजर सुधारत नाही म्हणून बाटली फळीवर ठेवून देणारे, आणि पुढे बाजूने फिरणारा पट्टा न दिसलेले कामगार मी पाहिले आहेत.

शिवाय दाब नेमस्त असूनही खळगा पडत जाणारे रोगी असतात. कारखान्यांतील तपासणीत दाब मोजून माणसाला मोकळे करतात. दृष्टितंतूचे मुख पाहून त्याचे चित्र फायलीत ठेवा, म्हणजे पुढल्या वर्षी ताडून पाहता येईल, ही आमची मागणी मालकांना अजून खर्चाची वाटते.