लग्नाचे सूर

माझी एक जुनी विद्यार्थिनी नगरहून आली. चर्चमध्ये तिचे लग्न ठरले होते. म्हणाली, “सर, घरात वाद पेटलाय. आजीला टिळकांचं भजन हवं, बाबांना इंग्रजी सूर. ते म्हणतात, चर्चची खरी रीत तीच.”

वाचकहो, इतिहास मात्र गमतीचा आहे. वधू आत येताना वाजतात ते वॅग्नरचे सूर १८५० साली रंगभूमीवर आलेल्या ‘लोहेनग्रिन’ या संगीतनाटकातले. त्यातले जोडपे लग्नाच्या रात्रीच दुरावते! बाहेर पडताना वाजतात ते मेंडेलसोनचे सूर १८४२ साली शेक्सपिअरच्या एका सुखान्तिकेसाठी रचलेले. २५ जानेवारी १८५८ रोजी लंडनला व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या लेकीच्या लग्नात ते वाजले आणि त्यांची रीत पडली. दोन्ही सूर नाटकातून आलेले पाहुणे!

रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांनी मराठी वळणाची भजने रचली, ती उपासनेसाठीच.

मी म्हटले, “येताना आजीचं भजन, जाताना बाबांचे सूर. पाहुण्यांनाही मान हवाच.”

लग्नाला गेलो. भजन सुरू झाले, तेव्हा पहिल्या ओळीपासून गात होते ते बाबाच!