छायाचित्रात न आलेला चेंडू

साताठ वर्षांपूर्वी क्रिकेटमधल्या भांडणांची कात्रणं जमवत असताना फोर्टमधल्या फुटपाथवर जुन्या इंग्रजी नियतकालिकांचा एक गठ्ठा मिळाला. त्यातल्या एका पानावर बेसबॉलचं एक कृष्णधवल छायाचित्र होतं. जायंट्सच्या पोशाखातल्या एका खेळाडूने दोन्ही हातांनी बॅट डोक्यावर उगारली आहे आणि समोर प्रतिस्पर्धी संघाचा कॅचर उघड्या डोक्याने उभा आहे. बॅट चेंडूवर नव्हे, माणसावर उतरणार हे पाहताक्षणी कळत होतं. मला तेव्हा बेसबॉल फारसा कळत नव्हता, पण अपराधी कोण हे ठरवायला नियम कळण्याची गरजही वाटली नाही. मी वहीत दोन ओळींची नोंद केली आणि निकाल देऊन मोकळा झालो.

तो निकाल चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. तो अर्धा होता. उरलेला अर्धा भाग शोधताना एका खेळातली सुडाची रीत मला समजत गेली. ती रीत कशी चालते आणि कुठे तुटते, हे या एका प्रसंगाच्या आधाराने मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

बॅट उगारणारा हुआन मारिचाल हा डॉमिनिकन प्रजासत्ताकातून आलेला, सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा पिचर, म्हणजे गोलंदाज. समोरचा जॉन रोझबरो लॉस एंजेलिस डॉजर्सचा कॅचर. तारीख २२ ऑगस्ट १९६५, रविवार. स्थळ सॅन फ्रान्सिस्कोचं कँडलस्टिक पार्क. प्रेक्षक ४२ हजार ८०७.

या दोन संघांचं वैर त्या दिवशी सुरू झालं नव्हतं. दोन्ही मुळात न्यूयॉर्कचे. डॉजर्स ब्रुकलिनचे, जायंट्स मॅनहॅटनचे. एकाच शहरातल्या दोन मोहल्ल्यांत असावी तशी त्यांची तेढ अनेक दशकं चालली. १९५८च्या मोसमात दोन्ही संघ कॅलिफोर्नियात गेले, आणि भाऊबंदकीतले दावे जसे गाव सोडल्यावरही संपत नाहीत, तसं हे वैरही त्यांच्यासोबत गेलं. १९६५च्या ऑगस्टमध्ये नॅशनल लीगच्या अजिंक्यपदासाठी दोघांत चुरशीची शर्यत होती आणि चार सामन्यांच्या मालिकेतला हा शेवटचा सामना होता.

आता त्या रीतीविषयी. बेसबॉलमध्ये पिचर आणि बॅटर यांच्यातलं अंतर साडेसाठ फूट. क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षाही ते थोडं कमी आहे आणि चेंडूला टप्पा नाही. सुमारे १४५ ग्रॅम वजनाचा कठीण चेंडू थेट हवेतून येतो. तो अंगावर लागला तर बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो. नियमाच्या पुस्तकातली भरपाई एवढीच. खेळाडूंचा अलिखित कायदा मात्र वेगळा. तुम्ही आमच्या माणसाच्या अंगावर टाकलात, तर आमचा पिचर तुमच्या माणसाच्या अंगावर टाकणार. एकाला एक. मग फिट्टंफाट, पुढे खेळा. या रीतीचे समर्थक सांगतात की तिच्यामुळेच खेळ आटोक्यात राहतो, कारण प्रत्येक पिचरला आपल्या कृत्याची किंमत आपलाच एखादा सहकारी मोजणार हे ठाऊक असतं. त्या काळी तर पिचरलाही बॅट घेऊन उभं राहावं लागे, त्यामुळे हिशेब थेट त्याच्याशीही होऊ शके.

हा हिशेब खेळण्यातला नव्हता. ऑगस्ट १९२०मध्ये न्यूयॉर्कमध्ये यँकीजच्या कार्ल मेज या पिचरचा चेंडू क्लीव्हलँडच्या रे चॅपमनच्या डोक्यावर आदळला आणि दुसऱ्या दिवशी चॅपमन मरण पावला. आपल्याला इथे १९६२मधलं बार्बाडोस आठवेल. चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागून नरी कॉन्ट्रॅक्टर मरणाच्या दारात पोहोचले होते आणि वेस्ट इंडिजचा कर्णधार फ्रँक वॉरेल याने त्यांच्यासाठी रक्त दिलं होतं. डोक्यावर येणाऱ्या चेंडूत काय असतं ते दोन्ही खेळांना पुरतं माहीत आहे.

मालिकेची ठिणगी शुक्रवारीच पडली होती. बॅटरची बॅट कॅचरच्या हातमोज्याला लागली तर कॅचरने अडथळा आणला असं धरून बॅटरला पहिला बेस मिळतो. डॉजर्सच्या मॉरी विल्सने तो अशा रीतीने मिळवला. त्याने मुद्दाम बॅट मागे नेली, असं जायंट्सचं म्हणणं. मग जायंट्सच्या मॅटी अलूची बॅट रोझबरोला लागली, तेव्हा रोझबरोने त्याला दमात घेतलं. अलू मारिचालचा देशबंधू. मारिचाल डगआऊटमधून ओरडला, रोझबरोनेही उत्तर दिलं. त्या दिवशी इतकंच झालं.

पण ही दोन माणसं त्या आठवड्यात केवळ खेळाचं ओझं घेऊन मैदानात उतरत नव्हती. एप्रिल १९६५मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकात यादवी पेटली. त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेने तिथे सैन्य उतरवलं आणि त्याचा आकडा पुढे वीस हजारांवर गेला. ज्या देशाचे सैनिक आपल्या राजधानीच्या रस्त्यांवर बंदुका घेऊन उभे, त्याच देशातल्या मैदानांवर मारिचाल दर चार दिवसांनी टाळ्या घेत होता, आणि त्याची माणसं तिकडे होती. रोझबरो कृष्णवर्णीय, लॉस एंजेलिसमध्ये राहणारा. त्याच शहरातल्या वॉट्स भागात ११ ऑगस्टला दंगल उसळली, सहा दिवस जाळपोळ आणि गोळीबार चालला, ३४ माणसं मेली. ती शमून सामन्याच्या दिवशी आठवडाही झाला नव्हता. या गोष्टींनी बॅट उचलली असं म्हणणं सोपं आहे आणि म्हणूनच मी ते म्हणत नाही. मात्र दोघांनीही पुढे त्या दिवसांतल्या ताणाविषयी सांगितलं आहे. ताण कारण नसेलही, पण माणसाचा संयम किती शिल्लक आहे हे तो ठरवतो.

स्वभावाने दोघेही भांडखोर नव्हते. मारिचाल हसतमुख, चेंडू टाकताना डावा पाय डोक्याच्याही वर नेणारा, प्रेक्षकांचा लाडका. रोझबरो इतका अबोल की सोबत्यांनी थट्टेने त्याचं नाव ‘गॅबी’, म्हणजे बडबड्या, ठेवलं होतं.

रविवारी मारिचालसमोर डॉजर्सचा पिचर होता सँडी कोफॅक्स. त्या काळातले हे दोन सर्वोत्तम पिचर. पहिल्याच डावात विल्सने चेंडू हलकेच अडवून बेस गाठला आणि धाव केली. तो पुन्हा खेळायला आला तेव्हा मारिचालने त्याच्या अंगाच्या रोखाने चेंडू टाकून त्याला जमिनीवर लोळवलं. उत्तरादाखल कोफॅक्सने जायंट्सच्या विली मेजच्या डोक्यावरून खूप उंच चेंडू टाकला. तो लागण्यासाठी नव्हता, निरोप देण्यासाठी होता. मग मारिचालने रॉन फेअरलीला लोळवलं. आता अंपायर शॅग क्रॉफर्डने दोन्ही संघांना ताकीद दिली. तिसऱ्या डावात जायंट्सतर्फे पहिला खेळायला आला तो खुद्द मारिचाल.

रिवाजाप्रमाणे आता कोफॅक्सने त्याच्या अंगावर टाकायचं. कोफॅक्सने टाकलं नाही. त्याच्या चेंडूचा वेग असा की तो डोक्याला लागला तर काय होईल हे त्याला ठाऊक होतं, आणि माणसाला मुद्दाम मारणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तेव्हा ती वसुली रोझबरोने स्वतःकडे घेतली. बेसबॉलचा कॅचर आपल्या यष्टिरक्षकासारखा बॅटरच्या मागे बसतो आणि अडवलेला चेंडू पिचरकडे परत फेकतो. एक चेंडू परत करताना रोझबरोने तो मारिचालच्या कानाला चाटून जाईल असा जोरात फेकला. मारिचाल म्हणतो कानाला लागला. मारिचाल वळला, ‘हे काय?’ अशा अर्थाचं काही बोलला. रोझबरो उठून पुढे आला. पुढच्या क्षणी बॅट त्याच्या डोक्यावर उतरली.

दोन्ही संघ मैदानात धावले. अंपायर क्रॉफर्डने मारिचालला कवळा घालून खाली पाडलं. रोझबरोच्या चेहऱ्यावर इतकं रक्त ओघळत होतं की डोळाच गेला अशी भीती पसरली. विली मेज, म्हणजे मारिचालच्याच संघातला सर्वांत मोठा खेळाडू, रोझबरोला धरून, समजावत गर्दीतून बाहेर घेऊन गेला. ही झटापट १४ मिनिटं चालली. रोझबरोच्या डोक्याला १४ टाके पडले.

मग खेळ पुन्हा सुरू झाला. कोफॅक्सने दोन बॅटर बाद केले, पण त्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं. पुढच्या दोघांना त्याने फुकटचा बेस दिला आणि मेजने चेंडू थेट मैदानाबाहेर भिरकावला. तीन धावा. काही मिनिटांपूर्वी शत्रुपक्षाच्या माणसाचं रक्त पुसणाऱ्या मेजच्याच त्या फटक्याने जायंट्सनी ४-३ असा सामना जिंकला.

लीगचे अध्यक्ष वॉरन जाइल्स यांनी मारिचालला आठ दिवसांच्या सामन्यांसाठी निलंबित केलं आणि १,७५० डॉलर दंड ठोठावला. डॉजर्सना ही शिक्षा फार सौम्य वाटली. रोझबरोने नुकसानभरपाईचा दावा लावला, तो पुढे तडजोडीने मिटला. मोसमाअखेर डॉजर्स दोन सामन्यांच्या फरकाने जायंट्सच्या पुढे राहिले आणि विश्वमालिकाही जिंकले. मारिचालच्या हुकलेल्या पाळ्यांमुळेच जायंट्सचं अजिंक्यपद गेलं, असं त्यावर सांगितलं जातं. मात्र सप्टेंबरमध्ये त्याच जायंट्सनी सलग १४ सामने जिंकले होते. म्हणून हे विधान मी जपून वाचतो.

छायाचित्र मात्र सगळीकडे गेलं. एका सभ्य, हसऱ्या माणसाची ओळख ‘बॅटने मारणारा’ अशी होऊन बसली. प्रतिस्पर्ध्यांच्या मैदानांवर त्याची हुर्यो उडवली जाऊ लागली. छायाचित्रात बॅट आहे. कानाजवळून गेलेला चेंडू नाही, कारण त्या वेळी कॅमेरे रोखलेले नव्हते. मारिचाल चेंडूविषयी सांगत राहिला, पण अपराध्याचं स्पष्टीकरण म्हणून त्याला फारशी किंमत नव्हती.

ती किंमत आली रोझबरोच्या शब्दाने. १९७८मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्याने लिहिलं की तो चेंडू हेतुपुरस्सर तसा फेकला होता. कोफॅक्स कुणाच्या डोक्यावर टाकणार नाही हे ओळखून आपणच ते काम अंगावर घेतलं, हेही त्याने मान्य केलं. माझ्या शोधात सर्वांत महत्त्वाचा पुरावा हाच. कुणी मागितला नसताना, डोक्यावर टाक्यांची खूण असलेल्या माणसाने तो स्वतःविरुद्ध दिला. पुरावा देणाऱ्याला त्यातून काही मिळायचं नसतं तेव्हा तो सर्वांत भरवशाचा, हे इतिहासाचे विद्यार्थी शिकतात. इथे तर फक्त गमवायचंच होतं. जन्मभराची सहानुभूती.

त्याआधी १९७५मध्ये कारकिर्दीच्या अखेरीस मारिचाल चक्क डॉजर्सकडे आला, तेव्हा संतापलेल्या डॉजर्सच्या चाहत्यांना ‘झालं गेलं विसरा’ असं सांगणाराही रोझबरोच होता. पुढे प्रश्न आला बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’चा. २४३ विजय नावावर असलेला मारिचाल १९८१मध्ये निवडला गेला नाही, १९८२मध्येही नाही. मत देणाऱ्या पत्रकारांच्या डोळ्यांपुढे ते छायाचित्र होतं, असं तेव्हा सर्रास मानलं गेलं. रोझबरो कुटुंबासह डॉमिनिकन देशात मारिचालच्या गोल्फ स्पर्धेला गेला, त्याच्यासोबत हसत उभा राहिला, आणि त्या घटनेवरून या माणसाची कारकीर्द तोलू नका असं उघड म्हणाला. १९८३मध्ये मारिचालची निवड झाली. तो सन्मान मिळवणारा पहिला डॉमिनिकन. स्वीकाराच्या भाषणात त्याने रोझबरोचे आभार मानले. ऑगस्ट २००२मध्ये रोझबरो वारला तेव्हा अंत्यविधीला मारिचाल हजर होता आणि बोललाही. या माणसाने आपल्याला क्षमा केली ही आयुष्यातली फार मोठी गोष्ट, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता.

आता पुन्हा त्या रीतीकडे. एकाला एक, मग फिट्टंफाट, हे तिचं वचन. २२ ऑगस्टचा हिशेब मांडून पाहा. विल्सच्या बदल्यात मेज, त्यानंतर फेअरली, त्यानंतर मारिचालचा कान, त्यानंतर रोझबरोचं डोकं. प्रत्येक जण आपण जुनं देणं फेडतो आहोत असं मानत होता आणि समोरच्याला तीच नवी उचल वाटत होती. आपला वार नेहमी उत्तर असतो, दुसऱ्याचा नेहमी सुरुवात. ही नजर दोन्ही बाजूंना सारखीच असल्यामुळे खातं कधीच शून्यावर येत नाही. कोफॅक्सने आपल्या बाजूने ते थांबवू पाहिलं, पण एकट्या माणसाने वसुली नाकारली तर दुसरा कुणी तरी तिचा मुखत्यार होतो. रोझबरो तसा झाला. आणि शेवटी खातं मिटलं तेही रोझबरोमुळेच. त्याचं येणं सर्वांत मोठं होतं. ते त्याने सोडून दिलं आणि आपल्या नावावरचं देणंही स्वतःच लिहून काढलं. नुसती क्षमा केली असती तर तो थोर ठरला असता आणि मारिचाल अपराधीच राहिला असता. कबुलीमुळे दोघे एका पातळीवर आले.

आपल्याकडे जावेद मियाँदाद आणि डेनिस लिली यांचं १९८१मधलं पर्थचं छायाचित्र सर्वांना पाठ आहे. बॅट उगारलेला मियाँदाद, मध्ये अंपायर टोनी क्राफ्टर. त्याआधी लिलीने मारलेली लाथ त्या चौकटीत नाही. बेसबॉलची रीतही आता बदलली आहे. २०२२पासून दोन्ही लीगमध्ये पिचरला बॅट घेऊन उभं राहावं लागत नाही, त्यामुळे मारिचाल ज्या जागी सापडला ती जागाच उरलेली नाही. अंगावर चेंडू टाकणं मात्र पूर्ण थांबलेलं नाही.

माझ्या वहीतली ती दोन ओळींची नोंद मी खोडली नाही. खाली तिसरी ओळ लिहिली. त्या बॅटच्या आधी एक चेंडू होता, आणि तो आपण फेकला असं फेकणाऱ्यानेच सांगितलं.